नादाची वांटणी आणि तिच्या सीमा

नभोवाणीच्या यंत्रांतून जो आवाज श्रोत्याच्या कानीं पडतो, तो गायकाच्या कंठांतून निघाला तसाच्या तसा कधींच नसतो. स्टुडिओ आणि प्रक्षेपक यांच्या दरम्यान त्यावर एक संस्कार होत असतो, आणि तो आवश्यकहि असतो. गायक एखादे वेळीं मंद्र सप्तकांत गुणगुणतो आणि पुढच्याच क्षणीं तार षड्जावर कडाडतो. निवेदक कधीं तोंड ध्वनिग्राहकाजवळ आणून बोलतो, तर कधीं दूर सरून. प्रक्षेपकाला मात्र एक कमाल मर्यादा ठरवून दिलेली असते. तिच्या वर आवाज गेला तर तो फाटतो, आणि फार खालीं राहिला तर खरखरींत बुडून जातो. पूर्वीं ही पातळी सांभाळण्यासाठीं एक माणूस कळ हातांत धरून बसे. पुढें त्याचें काम कॉम्प्रेसर नांवाचें विजेचें यंत्र करूं लागलें. आवाज ठरलेल्या रेषेवर चढला कीं हें यंत्र त्याला खालीं दाबतें, आणि तो ओसरला कीं हात सैल सोडतें.

या यांत्रिक पहारेकऱ्यांत एक मोठा दोष आहे. त्याला सर्व आवाज मिळून एकच वाटतो. तबल्याच्या डग्ग्यावर जोराची थाप पडली, तर तिच्या घुमाऱ्यामुळें यंत्र सर्वच आवाज खालीं ओढतें. त्याबरोबर गायिकेचा स्वर, तंबोऱ्याचा झंकार, सारंगीची किनार हीं सर्व निरपराध असतांहि दाबलीं जातात. पुढच्या क्षणीं घुमारा विरतो आणि तीं पुन्हां वर येतात. अशा रीतीनें प्रत्येक ठेक्याबरोबर सगळें गाणें लोहाराच्या भात्यासारखें फुगूं-आकसूं लागतें. यावर योजलेला उपाय असा, कीं एका पहारेकऱ्याऐवजीं तीन, चार किंवा पांच नेमावयाचे. खर्जापासून टिपेपर्यंत ध्वनीचे तितकेच पट्टे पाडावयाचे. प्रत्येक पट्ट्यावर स्वतंत्र कॉम्प्रेसर बसवावयाचा आणि शेवटीं सर्व पट्टे पुन्हां एकत्र करावयाचे. डग्ग्याचा अपराध मग डग्ग्याच्याच पट्ट्याला भोंवतो. या योजनेस बहुपट्ट संस्करण म्हणतात, आणि दोन पट्ट्यांच्या सीमेवरची जी कंपनसंख्या तिला क्रॉसओव्हर म्हणतात. ती सीमा कोठें घालावी, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. भिंत चुकीच्या जागीं पडली, तर ती एकाच माणसाच्या अंगावरून जाते.

ध्वनीची अशी वांटणी करण्याची कल्पना बरीच जुनी आहे. २७ एप्रिल १९३३ रोजीं अमेरिकेंत बेल टेलिफोन प्रयोगशाळेनें फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदाचें वादन तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहांत नेऊन ऐकविलें. वाद्यवृंद फिलाडेल्फियास, आणि त्याचा सुप्रसिद्ध संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की हा वॉशिंग्टनला आवाजाच्या कळा हातांत घेऊन बसलेला, असा तो अपूर्व प्रयोग होता. त्यांतील कर्ण्यांचे दोन वर्ग केले होते. सेकंदास सुमारें ३०० आवर्तनांच्या खालचा ध्वनि मोठ्या कर्ण्याकडे आणि वरचा लहान कर्ण्यांकडे जाई. तेथें सीमा कोठें असावी हें मुख्यतः कर्ण्यांच्या ऐपतीवर ठरत असे, कारण मोठा कर्णा उंच स्वर नीट काढूं शकत नाहीं आणि लहान कर्ण्याला खर्ज पेलत नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत माइक डोरो यांचें तीन पट्ट्यांचें यंत्र अमेरिकेंतील नभोवाणी केंद्रांत आलें, आणि १९७५ सालीं रॉबर्ट ऑर्बन यांचें ऑप्टिमॉड निघाल्यापासून प्रक्षेपणपूर्व संस्करण हें स्वतंत्र शास्त्रच झालें. या यंत्रांत कर्ण्याच्या ऐपतीचा प्रश्न उरत नाहीं. येथें सीमा ठरवावयाची ती मनुष्याचा कान, मनुष्याचा कंठ आणि वाद्यांचा स्वभाव पाहूनच.

प्रथम कानाचा विचार करूं जातां असें दिसतें, कीं निरोगी तरुण कानाला सेकंदास २० पासून २०,००० पर्यंत आवर्तनें ऐकूं येतात. ही लांबी साध्या वजाबाकीनें मोजून चालत नाहीं. कानाच्या हिशेबीं १०० पासून २०० पर्यंतचें अंतर आणि ५,००० पासून १०,००० पर्यंतचें अंतर हीं सारखींच. दोन्ही एकेक सप्तक. या मापानें सगळें श्रवणक्षेत्र सुमारें दहा सप्तकांचें भरतें. त्याचे तीन समान भाग पाडावयाचे तर सीमा २०० आणि २,००० वर पडतात. चार पाडावयाचे तर सुमारें ११२, ६३० आणि ३,५५० वर. गणितदृष्ट्या ही वांटणी निर्दोष आहे, आणि पुष्कळ ठिकाणीं नवशिका मनुष्य तीच घेऊन कामाला लागतो. परंतु गाणें आणि बोलणें गणिताची सोय पाहून जन्मास आलेलें नसतें.

एक उदाहरण घेतलें म्हणजे हें ध्यानांत येईल. गायिकेनें काळी चार धरली आहे. आजच्या रूढ मापानें तिचा मध्य षड्ज सुमारें २०८ आवर्तनांवर येतो, आणि त्याच्या खालचा मंद्र सप्तकांतील शुद्ध निषाद सुमारें १९५ वर. सीमा २०० वर असेल, तर ती बरोबर या दोन स्वरांच्या मधून जाते. निषादाचा मूळ स्वर अधिकांशानें खालच्या पट्ट्यांत आणि षड्जाचा अधिकांशानें वरच्या पट्ट्यांत, अशी त्या कंठाची फाळणी होते. आतां डग्ग्यावर थाप पडतांच खालचा पट्टा दाबला जातो. स्वरांतील उंच उपस्वर वरच्या पट्ट्यांत सुरक्षित असल्यामुळें निषाद नाहींसा होत नाहीं. पण त्याचें अंग जातें, तो पोकळ आणि पातळ लागतो. गायिका निषादावरून षड्जावर मींड घेऊं लागली, कीं एका श्वासांतल्या स्वराचा पोत वाटेंतच बदलतो. श्रोत्याला तांत्रिक कारण कळत नाहीं. बाईंचा गळा आज लागला नाहीं, एवढेंच तो म्हणतो. ज्या दोषाशीं तिचा कांहीं संबंध नाहीं तो तिच्या माथीं बसतो.

म्हणून हिंदुस्थानी संगीतासाठीं खालची सीमा २०० वर न ठेवतां खालीं सरकविणें हितावह असतें. काळी एकमध्यें गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारें १३९ वर असतो, आणि त्याचा मंद्र पंचम १०४ च्या आसपास. यावरून सीमा शंभराच्या जवळ किंवा किंचित् खालीं नेली, तर स्त्री-पुरुष दोघांचेंहि बहुतेक गाणें एकाच पट्ट्यांत राहतें आणि डग्ग्याच्या खोल घुमाऱ्याचा मोठा वांटा खालीं वेगळा पडतो. तबल्याच्या दायाची गोष्ट निराळी. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२० सालीं 'नेचर' नियतकालिकांत दाखवून दिलें, कीं भारतीय चर्मवाद्यांवरील शाईमुळें त्यांचे उपस्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सरळ प्रमाणांत येतात. इतर देशांतील सामान्य ढोलांत असें होत नाहीं. दायाचा स्वर षड्जाशीं जुळतो तो याच गुणानें. तेव्हां त्याचे हे पहिले उपस्वर जेथें पसरले आहेत तो प्रदेश शक्य तों अखंड ठेवावा. २७७ वर लावलेल्या दायाचे पहिले पांच स्वर १,३८५ पर्यंतच्या आंत येतात. त्यांच्यामध्यें भिंत घातली, तर शाईनें साधलेला मेळ यंत्र मोडून टाकील.

आतां बोलण्याकडे वळावें. स्वरवर्णांची ओळख कानाला पटते ती त्यांतील दोन-तीन ठळक उंचवट्यांवरून. पीटरसन आणि बार्नी या संशोधकांनीं १९५२ सालीं अमेरिकन पुरुषांच्या उच्चारांचें मापन प्रसिद्ध केलें. त्यांत 'ई'सारख्या स्वराचे पहिले दोन उंचवटे सरासरीनें २७० आणि २,२९० वर, 'आ'सारख्याचे ७३० आणि १,०९० वर, तर 'ऊ'सारख्याचे ३०० आणि ८७० वर आढळले. मराठी उच्चारांचे आंकडे कांहींसे निराळे येतील, पण मांडणी अशीच राहील. २,००० वर सीमा घातली म्हणजे 'आ' आणि 'ऊ' यांचे दोन्ही उंचवटे तिच्या खालीं राहतात, आणि 'ई'चा दुसरा मात्र तिच्या पलीकडे जातो. मग एकच वक्ता 'आई' हा शब्द उच्चारूं लागला, तर पहिलें अक्षर एका पहारेकऱ्याच्या हातीं आणि दुसरें दोघांच्या हातीं पडतें. शिवाय २,००० ते ५,००० हा प्रदेश असा आहे, कीं तेथें कान अत्यंत तीक्ष्ण असतो; तेथील लहानसा ओबडधोबडपणाहि त्याला खुपतो. यास्तव अनुभवी माणसें मधली सीमा एक तर बरीच खालीं घालतात किंवा ३,००० च्या वर नेतात.

३,००० च्या वरच्या प्रदेशांत व्यंजनांचें राज्य असतें. 'स'चा शीत्कार मुख्यतः ४,००० च्या वर असतो. 'श'चा त्याहून खालीं सुरू होतो. मराठींत 'च' आणि 'ज' यांचे दोन दोन उच्चार आहेत, पण लिपींत चिन्ह एकच. 'चार' आणि 'चाक' यांतील 'च' एक नव्हे. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, यांतील भेद लेखांत दिसत नाहीं. तो कानालाच कळतो. तो कळतो घर्षणाच्या उंचीवरून, म्हणजे नेमका याच वरच्या पट्ट्यांतून. हा पट्टा फार दाबला किंवा भलत्याच जागीं सुरू केला, तर शब्दांची धार बोथट होते. दूरध्वनीच्या जुन्या, ३०० ते ३,४०० पर्यंतच्या मार्गावर अनोळखी नांव सांगतांना अक्षर फोड करून सांगावें लागे, त्याचें कारण हेंच. घरांत बसून बातम्या ऐकणाऱ्या वृद्धाचे कान अगोदरच या प्रदेशांत मंद झालेले असतात. त्याच्या वांट्याला आलेली थोडकी स्पष्टता यंत्रानें काढून घ्यावी, हें केवळ कलेच्या दृष्टीनेंच नव्हे, तर व्यवहारदृष्ट्याहि अनुचित होय.

एफ.एम. प्रक्षेपणांत या पट्ट्याला आणखी एक कारण मिळतें. खरखर कमी करण्यासाठीं त्या पद्धतींत उंच स्वर प्रक्षेपणापूर्वीं मुद्दाम वाढवितात आणि श्रोत्याच्या यंत्रांत तितकेच उतरवितात. भारतांत आणि युरोपांत या वाढीचें माप ५० मायक्रोसेकंद आहे; त्याचा अर्थ असा, कीं वाढ सुमारें ३,१८० आवर्तनांच्या आसपास जोर धरूं लागते आणि १५,००० वर मूळच्या जवळजवळ पांचपट होते. एखाद्या निवेदिकेचा ठसठशीत 'स' त्यामुळें मर्यादेवर जाऊन आदळतो. त्याला आवरणारा पहारेकरी सुमारें तीन-चार हजारांच्या वर नेमलेला असला, तर 'स' आवरतो आणि स्वरवर्ण निर्धास्त राहतात.

एवढें ऐकून कोणी म्हणेल, कीं पट्टे पुष्कळच पाडावे, म्हणजे प्रत्येकाला न्याय मिळेल. कानहि आंतून असेच पट्टे पाडतो, हें खरें आहे. हार्वे फ्लेचर यांनीं १९४० सालीं ही कल्पना मांडली, आणि १९६१ सालीं त्स्विकर यांनीं श्रवणक्षेत्राचे २४ पट्टे कोष्टकांत दिले. पण कानाचे पट्टे ओळखण्यासाठीं आहेत. कॉम्प्रेसरचे पट्टे बदलण्यासाठीं आहेत. 'आ' आणि 'ई' यांतील फरक म्हणजेच कोठें उंचवटा आणि कोठें खळगा, हा फरक. चोवीस पहारेकऱ्यांनीं चोवीस पट्टे एकाच पातळीवर आणून ठेवले, तर उंचवटे खचतील, खळगे भरतील आणि सर्व स्वर एकमेकांसारखे होऊं लागतील. सारंगी आणि बाजाची पेटी यांतील भेदहि असाच पुसट होईल. केंद्राकेंद्रांत मोठ्या आवाजाची चढाओढ लागली, तेव्हां पट्ट्यांची संख्या वाढली आणि दाबहि वाढला; अशा प्रक्षेपणाचा आवाज प्रथम भरघोस वाटतो, पण तासाभरांत ऐकणाऱ्याला थकवा येतो. तीन ते पांच पट्टे सामान्य कामाला पुरतात.

सीमेची जागा ठरली तरी तिचा उतार ठरवावयाचा राहतोच. फिल्टर म्हणजे कांहीं सुरीनें केलेला काप नव्हे. तो उतरणीसारखा असतो. सप्तकामागें ६ डेसिबलचा सौम्य उतार ठेवला, तर दोन पट्टे जोडल्यावर मूळ ध्वनि जसाच्या तसा परत मिळतो, पण डग्गा वरच्या पट्ट्यांत दूरवर झिरपतो. १२ डेसिबलच्या साध्या उतारांत दोन्ही पट्टे सीमेवर एकमेकांच्या उलट चालतात, आणि एकाची दिशा फिरविली नाहीं तर तेथें खड्डा पडतो. १९७६ सालीं झीगफ्रीड लिंकविट्झ यांनीं रस रायली यांच्या साह्यानें सिद्ध केलेली रचना आज सर्वत्र वापरतात. तींत उतार बहुधा २४ डेसिबलचा असतो. सीमेवर प्रत्येक पट्टा निम्म्या उंचीवर, म्हणजे ६ डेसिबल खालीं असतो, आणि दोन्ही एकाच चालीनें चालत असल्यामुळें त्यांची बेरीज पूर्ण होते. परंतु ही बेरीज पूर्ण होते ती दोन्ही पट्टे सारखेच दाबलेले असतील तेव्हां. एक ६ डेसिबल दाबला आणि दुसरा मोकळा राहिला, तर सीमेवर पायरी उभी राहते. म्हणूनच सीमा कमी वर्दळीच्या जागीं असावी, आणि दोन सीमा एकमेकींपासून निदान दोन सप्तकें दूर असाव्या, हें सांगणें आहे. आजच्या अंकीय यंत्रांत चाल मुळींच न बिघडविणारे फिल्टरहि करतां येतात. पण ते आवाजाला उशीर लावतात, आणि सीमा जितकी खालीं तितका उशीर अधिक. निवेदकाला स्वतःचेंच बोलणें कानांतील यंत्रांतून मागाहून ऐकूं आलें, तर त्याची जीभ अडखळते.

वेळेचा आणखी एक नियम आहे. १०० आवर्तनांच्या स्वराचें एक आवर्तन सेकंदाच्या शंभराव्या भागांत पुरें होतें, ५० आवर्तनांच्या स्वराचें पन्नासाव्या भागांत. पहारेकऱ्यानें याहून लवकर हात चालविला, तर तो आवाजाची पातळी न आवरतां लाटेचा आकारच बिघडवितो आणि खर्ज घोगरा होतो. खालच्या पट्ट्यांत म्हणून सावकाश चालावें लागतें. वरच्या पट्ट्यांत चपळाई चालते, किंबहुना 'स' पकडावयाचा तर ती लागतेच. एकाच पट्ट्यांत फार खालचे आणि फार वरचे स्वर कोंबले, तर एकच वेग दोघांना मानवत नाहीं.

हेतूप्रमाणें सीमा कशा ठरतात, याचें उत्कृष्ट उदाहरण रे डॉल्बी यांच्या यंत्राचें आहे. डॉल्बी हे १९६३ ते १९६५ या काळांत संयुक्त राष्ट्रांच्या वतीनें सल्लागार म्हणून भारतांत होते. १९६५ सालीं त्यांनीं लंडनला आपली प्रयोगशाळा काढली, आणि १९६६ सालीं त्यांचें पहिलें यंत्र डेक्का या ध्वनिमुद्रण कंपनीकडे गेलें. फितीवरची खरखर कमी करणें हा त्याचा उद्देश. मुद्रणाच्या वेळीं हळू आवाज उचलावयाचे आणि ऐकवितांना तितकेच उतरवावयाचे, म्हणजे मधल्या फितीची खरखरहि त्यांबरोबर उतरते, ही त्याची युक्ति. मोठा आवाज खरखरीला झांकतो, पण आपल्या आसपासच्या उंचीवरच; ढोलाच्या आवाजानें फितीचा शीत्कार झांकला जात नाहीं. म्हणून त्यांनीं चार पट्टे केले. ८० च्या खालचा पट्टा विजेच्या गुणगुणीसाठीं आणि यंत्रांच्या घरघरीसाठीं, ८० ते ३,००० चा पट्टा जेथें संगीताचा मुख्य व्यवहार चालतो त्यासाठीं, आणि ३,००० च्या वरचा व ९,००० च्या वरचा असे दोन पट्टे शीत्कारासाठीं. यांतील शेवटचे दोन एकमेकांवर मुद्दाम चढविलेले आहेत. त्यामुळें खरखर सर्वसाधारणपणें १० डेसिबल आणि अगदीं वर १५ डेसिबलपर्यंत उतरते. चार समान भागांचें गणित या आंकड्यांशीं जुळत नाहीं. ८० पासून ३,००० पर्यंतचीं पांच सप्तकें त्यांनीं एकसंध ठेवलीं, आणि काळी एक असो वा काळी चार, गाणाराचा सारा गळा त्यांत मावतो.

यावरून कामाचा क्रम असा निघतो. प्रथम कोणता कार्यक्रम जावयाचा आहे तें पाहावें: भाषण, ख्याल, लेझीम कीं नाटक. मग त्यांतील मुख्य कंठ कोणत्या स्वरापर्यंत खालीं जातो तें पेटीवर तपासावें, आणि खालची सीमा त्याच्याहि खालीं घालावी. वरची सीमा स्वरवर्णांचे उंचवटे संपून व्यंजनांचें घर्षण जेथें प्रबळ होतें तेथें, म्हणजे तीन-चार हजारांच्या दरम्यान शोधावी. मधल्या पट्ट्याची फोड अवश्य असेल तेव्हांच करावी. त्यानंतर एक पट्टा मुद्दाम ६ डेसिबल दाबून मींड, तान आणि सावकाश वाचलेलें गद्य ऐकावें. स्वर कोठें पातळ होतो, शब्द कोठें बोथट होतो, तें कान सांगेल. तसें झालें तर सीमा थोडी सरकवून पुन्हां ऐकावें. हें काम कोष्टक पाहून पांच मिनिटांत उरकण्याचा मोह मोठा आहे. परंतु ज्या गायिकेनें आयुष्य वेंचून निषाद आणि षड्ज यांच्यामधली वाट गुळगुळीत केली, तिच्यासाठीं अर्धा तास अधिक बसणें हें प्रक्षेपणगृहांतील माणसाचें कर्तव्यच ठरतें.